जिन्याखालची पेटी : जुना फ्यूज बॉक्स बदलण्याआधी काय समजून घ्यावे

ब्रिस्टलच्या बेडमिन्स्टर भागातील आमच्या घरात जिन्याखाली एक अंधारे कपाट आहे. छत्र्या, व्हॅक्युम क्लीनर आणि दिवाळीच्या आकाशकंदिलाचा खोका यांच्यामागे, लाकडी फळीवर बसवलेली एक तपकिरी पेटी बरीच वर्षे निमूटपणे काम करीत होती. मागील वर्षी सांगलीहून आलेल्या आईने इस्त्रीसाठी जागा शोधताना ती उघडून पाहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या वाड्यातला किटकॅट!"

आईचे निरीक्षण अचूक होते. चिनीमातीचा पांढरा किटकॅट उपसून त्यात नवी तार गुंडाळण्याचे काम महाराष्ट्रातील घराघरांत वडीलधारे करीत आले. त्याच जातीचे फ्यूज आमच्या पेटीत होते. ते बदलावेत असे आम्हांला कधी वाटले नव्हते. कारण वीज येत होती, दिवे लागत होते. प्रश्न निर्माण झाला तो विजेवर चालणारी मोटार घेण्याचे ठरले तेव्हा. चार्जर बसवणाऱ्या कंपनीने पेटीची आणि मीटरची छायाचित्रे मागवली आणि दोनच दिवसांत कळवले : सध्याच्या स्थितीत चार्जर बसवता येणार नाही.

पुढील काही महिन्यांत जे शिकावे लागले, ते येथे मांडत आहे. ब्रिटनमध्ये जुने घर विकत घेतलेल्या, भाड्याने दिलेल्या किंवा गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवू पाहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांसमोर हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

एक भिंत, तीन मालक

ब्रिस्टल नगरपालिकेने १८९३ मध्ये टेंपल बॅक येथील केंद्रातून सार्वजनिक वीजपुरवठा सुरू केला. बेडमिन्स्टर, ईस्टन, टॉटरडाउन या भागांतील विटांच्या ओळघरांपैकी पुष्कळशी त्याच सुमाराची किंवा त्याआधीची आहेत. ती बांधली गेली तेव्हा त्यांत गॅसचे दिवे होते. वीज नंतर आली, आणि प्रत्येक पिढीने आधीच्या कामावर आपले काम चढवले. त्यामुळे जिन्याखालची भिंत हा बहुधा थरांचा इतिहास असतो.

या भिंतीवरील उपकरणांचे मालक तीन. रस्त्यावरून येणारी केबल आणि ती जेथे संपते तो सीलबंद कटआउट, म्हणजेच मुख्य फ्यूज, हे वितरण कंपनीचे. ब्रिस्टलमध्ये ही कंपनी म्हणजे नॅशनल ग्रिड इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्युशन. २०२२ पर्यंत तिचे नाव वेस्टर्न पॉवर डिस्ट्रिब्युशन असे होते. मीटरची जबाबदारी आपण ज्यांना बिल भरतो त्या पुरवठादाराची. मीटरनंतरच्या जाड तारा, मेन स्विच, फ्यूज बॉक्स आणि घरातील सर्व वायरिंग आपले.

ही वाटणी ध्यानात ठेवली तर पुष्कळ गोंधळ टळतो. आपला इलेक्ट्रिशियन कितीही कुशल असला तरी अधिकार नसताना कटआउटचे सील तोडून मुख्य फ्यूज उपसणे त्याने टाळलेच पाहिजे. कटआउटमधून जळका वास येत असेल, तो तापत असेल किंवा काळवंडला असेल, तर इलेक्ट्रिशियनची वाट न पाहता १०५ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो थेट आपल्या भागातील वितरण कंपनीकडे जातो.

जुन्या पेटीत उणीव कसली?

जुना फ्यूज बॉक्स असणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. बीएस ७६७१ हे वायरिंगचे प्रमाणभूत नियम नव्या कामाला लागू होतात; जुने काम केवळ जुने आहे म्हणून ते मोडीत निघत नाही. पेटी बदलायची ती भीतीने नव्हे, तर तिच्यातील उणिवा समजून.

पहिली उणीव तारेची. या फ्यूजवर रंगीत ठिपके असतात : पांढरा ५ अँपिअरचा, निळा १५, लाल ३०, हिरवा ४५. परंतु ठिपका लाल असला तरी आत कोणी किती जाडीची तार गुंडाळली आहे हे बाहेरून समजत नाही. "सारखा उडतो म्हणून जाड तार घातली" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या क्षणी फ्यूजचे काम भिंतीतल्या केबलकडे जाते, आणि वितळण्याची पाळीही तिच्यावर येते. शिवाय योग्य तार असली तरी असा फ्यूज त्याच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह होईपर्यंत तग धरतो. आधुनिक एमसीबी त्याहून बऱ्याच आधी खाली पडतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. फ्यूज आणि एमसीबी केबलचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. शरीरातून ५० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी प्राणावर बेतू शकते. ३० अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही लागत नाही. माणसासाठी असतो तो आरसीडी. भारतात आपण ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो त्याच कुळातले हे उपकरण. फेज तारेतून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली, म्हणजेच वीज कोठेतरी भलत्याच वाटेने जमिनीकडे निघाली, की सेकंदाच्या अल्पशा भागात ते पुरवठा तोडते. गवत कापताना यंत्राची केबल कापली जाणे, चित्र टांगताना भिंतीतील तारेवर खिळा बसणे, अशा प्रसंगी जगणे-मरणे यांत हाच फरक असतो. २००८ च्या सतराव्या आवृत्तीपासून घरातील बहुतेक सॉकेटांना आणि भिंतीत दडलेल्या केबलींना हे संरक्षण आवश्यक ठरले. आमच्या पेटीत ते मुळीच नव्हते.

तिसरी उणीव अर्थिंगची. घरात येणारे गॅसचे व पाण्याचे धातूचे नळ मुख्य अर्थिंगला पुरेशा जाडीच्या तारेने, सर्वसाधारणपणे १० चौरस मिलिमीटर, जोडलेले असावे लागतात. आमच्या घरी पाण्याच्या नळाला ती तार होती. गॅसच्या नळाजवळ ती कधीकाळी कापून टाकलेली आढळली.

येथे एक सावधगिरी. जुन्या फ्यूजधारकांत आणि त्यामागील पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. त्यामुळे असली पेटी स्वतः खरवडणे, घासणे किंवा तिच्यात भोके पाडणे कटाक्षाने टाळावे.

नवी पेटी घेताना

आजच्या पेटीला येथे कन्झ्युमर युनिट म्हणतात. जानेवारी २०१६ पासून घरगुती पेटीचे कवच न जळणाऱ्या द्रव्याचे, व्यवहारात पोलादी, असावे लागते. सैल जोडण्या तापून प्लॅस्टिकच्या पेट्या पेट घेतल्याचे लंडनच्या अग्निशमन दलाच्या निदर्शनास आले होते. नियम बदलण्यामागे तो अनुभव होता. म्हणून प्लॅस्टिकची प्रत्येक पेटी ताबडतोब काढावी असे नाही, परंतु नवी बसवताना ती पोलादीच हवी.

आत काय असावे याबाबत निवड करावी लागते. स्वस्त रचनेत दोन आरसीडी असतात आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार-पाच सर्किटे. एका किटलीत दोष निघाला तर अर्धे घर अंधारात जाते आणि फ्रिजही बंद पडतो. त्याऐवजी प्रत्येक सर्किटाला स्वतंत्र आरसीबीओ बसवला तर दोष त्या सर्किटापुरताच राहतो. आरसीबीओ म्हणजे एमसीबी आणि आरसीडी एकाच डबीत. खर्च थोडा वाढतो. वर्षातून एकदा महिनाभर भारतात जाणाऱ्या कुटुंबाच्या फ्रीझरच्या दृष्टीने तो सार्थकी लागतो.

आरसीडीचा प्रकारही विचारून घ्यावा. जुना 'एसी' प्रकार शुद्ध प्रत्यावर्ती गळतीच ओळखतो. एलईडी दिवे, इंडक्शन शेगड्या, वॉशिंग मशीन यांतील इलेक्ट्रॉनिक्समुळे गळतीत एकदिश प्रवाहाचा अंश मिसळला की तो आंधळा होऊ शकतो. म्हणून आता घरासाठी किमान 'ए' प्रकार घेतला जातो. सौर पॅनेल किंवा बॅटरी बसवण्याचा विचार असेल तर ते आधीच सांगावे. तेव्हा वीज पेटीतून दोन्ही दिशांनी वाहते आणि त्या सर्किटाची उपकरणे तशा वापरासाठी बनलेली असावी लागतात.

नवी पेटी जुन्या वायरिंगला नवे करीत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. १९६६ पूर्वीच्या दिव्यांच्या सर्किटांत अर्थिंगची तार नसणे सामान्य होते. जिन्याच्या दिव्याला वर-खाली दोन बटणे देताना जुन्या काळच्या वायरमनने खालच्या सर्किटाचा फेज आणि वरच्या सर्किटाचा न्यूट्रल 'उसना' घेतलेला असतो. जुन्या फ्यूजला त्याचे सोयरसुतक नव्हते. नवा आरसीबीओ मात्र हिशेब जुळत नाही म्हणून दिवा लावताक्षणी खाली पडतो. त्यामुळे आधी सर्व सर्किटांची चाचणी आणि मग दरपत्रक, हाच क्रम असावा. चाचणी न करता फोनवर ठोक भाव सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

६० की १०० : भाराचा हिशेब

महाराष्ट्रात महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. ब्रिटनमधील घरगुती बिलावर असा आकडा नसतो. म्हणून आपल्या घराला किती वीज एका वेळी घेता येते हे अनेकांना ठाऊक नसते. ते ठरवतो मुख्य फ्यूज. जुन्या घरांत तो बहुधा ६० किंवा ८० अँपिअरचा, नव्या घरांत १०० चा. कटआउटच्या अंगावर '१००' असे कोरलेले दिसले तरी हुरळून जाऊ नये; तो त्या खोक्याच्या कमाल क्षमतेचा आकडा असतो, आतल्या फ्यूजचा नव्हे. खात्री वितरण कंपनीच करून देऊ शकते.

आता हिशेब. ब्रिटनमधील नाममात्र दाब २३० व्होल्ट. वॉटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. जानेवारीतील एका संध्याकाळी, सहा ते सातच्या दरम्यान, आमच्या घरात काय चालू असू शकेल याची मी मांडणी केली. हीट पंप १२ अँपिअर. इंडक्शन आणि ओव्हन मिळून छापील क्षमता ४४; परंतु शेगडीच्या सर्व चुली पूर्ण आचेवर एकाच वेळी नसतात, म्हणून पहिले १० पूर्ण आणि उरलेल्याचे ३० टक्के धरण्याची रीत आहे; ते होतात साधारण २०. किटली १३. वॉशिंग मशीन ९. दिवे, संगणक, राउटर मिळून ३. येथवर ५७. त्यात ९.५ किलोवॉटचा विजेचा शॉवर ४१ अँपिअर, बेरीज ९८. आणि मोटारीचा चार्जर ३२. एकूण १३०.

हा सर्वांत वाईट प्रसंग आहे. शॉवर दहा मिनिटे चालतो, किटली तीन. आणि मुख्य फ्यूज मर्यादेपेक्षा थोडा जादा भार काही काळ सोसतो. म्हणूनच ६० अँपिअरच्या फ्यूजवर असंख्य घरे वर्षानुवर्षे विनातक्रार चालली. अख्ख्या गल्लीचा विचार करताना वितरण कंपन्याही गॅसवर तापणाऱ्या एका घरामागे सरासरी दोन किलोवॉटच्या आसपासच भार धरीत आल्या, कारण सगळी घरे एकाच क्षणी किटली लावत नाहीत. मोटारीचा चार्जर मात्र हे गणित मोडतो. तो ३२ अँपिअर पाच-सहा तास अखंड ओढतो. त्याला सवलतीचा भाग धरता येत नाही, जोवर भार आपोआप कमी करणारे नियंत्रण बसवलेले नाही.

या हिशेबातून निघालेला निष्कर्ष मला अनपेक्षित होता. १३० अँपिअरसाठी १०० चा फ्यूजही अपुरा. मग तीन फेजचा पुरवठा मागवायचा का? महाराष्ट्रात मोठ्या घरांना तो सर्रास असतो. येथील ओळघरात तो दुर्मीळ आणि खर्चिक. परंतु आकड्यांकडे पुन्हा पाहिले की ध्यानात येते, खरा खादाड आहे तो शॉवर. हीट पंपाबरोबर गरम पाण्याची टाकी येणारच असते. शॉवर त्या टाकीवर जोडला की ४१ अँपिअर वजा होतात आणि बेरीज ८९ वर येते. टाकीतील तीन किलोवॉटचा हीटर आणि मोटार यांच्या वेळा रात्री निराळ्या ठेवायच्या, इतकेच. सोबत चार्जरला भारनियंत्रण : मुख्य तारेभोवती एक लहान चिमटा बसतो, तो घराचा एकूण प्रवाह मोजतो आणि मर्यादा जवळ आली की मोटारीचा वाटा कमी करतो. पुरवठा वाढवण्याआधी मागणी तपासावी, हा धडा आम्हांला नळजोडणीच्या खर्चात मिळाला.

फ्यूज १०० अँपिअरचा करायचा तर मीटरनंतरच्या तारा २५ चौरस मिलिमीटरच्या हव्यात. जुन्या घरांत त्या पुष्कळदा १६ च्या असतात. मुख्य अर्थिंगची तारही तपासावी लागते.

शेजारच्या आजींची वीज

आमच्या बाबतीत आणखी एक अडचण निघाली. वितरण कंपनीच्या तंत्रज्ञाने कटआउट पाहून विचारले, "ही दुसरी केबल भिंतीपलीकडे जाते, हे तुम्हांला माहीत आहे?" आम्हांला माहीत नव्हते. ओळघरांना वीज देताना खोदकाम वाचावे म्हणून रस्त्यावरून एकच केबल एका घरात आणायची आणि तेथूनच पुढच्या घराला जोड द्यायची, अशी पद्धत होती. याला 'लूप' पुरवठा म्हणतात. शेजारी एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजींची वीज आमच्या कटआउटमधून जात होती. एका केबलवर दोन घरे. त्यावर मोटार आणि हीट पंप लादणे म्हणजे आमच्या सोयीसाठी आजींचा पुरवठा पणाला लावणे.

उपाय म्हणजे लूप तोडून त्यांना स्वतंत्र केबल देणे. ते काम वितरण कंपनीचे. पण त्यासाठी आजींची लेखी संमती आणि त्यांच्या पुढच्या अंगणात चर खणणे भाग होते. त्या अंगणात त्यांच्या दिवंगत पतींनी लावलेला गुलाब होता. आम्ही चहाला गेलो, नकाशा दाखवला, दोनदा गेलो. शेवटी चर गुलाबाला वळसा घालून, हाताने खणायचे ठरले. काम एका दिवसात झाले. संमतीला सहा आठवडे लागले. लूप असलेल्या घरात अर्ज करण्याआधी शेजाऱ्यांशी बोलावे, पत्र पाठवून नव्हे, समक्ष.

काम कोणी करावे, कागद कोणते घ्यावेत

इंग्लंडमध्ये पेटी बदलणे हे बांधकाम नियमांच्या 'पार्ट पी' खाली, म्हणजे २००५ पासून, कळवावे लागणारे काम आहे. एनआयसीईआयसी किंवा नॅपिट यांसारख्या योजनेत नोंदलेला इलेक्ट्रिशियन ते स्वतः प्रमाणित करून कळवतो. नोंदणी नसलेल्याकडून करून घेतल्यास आधी नगरपालिकेच्या बिल्डिंग कंट्रोलकडे जावे लागते. नोंदणी संकेतस्थळावर पडताळून पाहावी. काम संपल्यावर दोन कागद मिळाले पाहिजेत : चाचण्यांच्या आकड्यांसह विद्युत प्रतिष्ठापन प्रमाणपत्र आणि बांधकाम नियमांच्या पूर्ततेचे प्रमाणपत्र. घर विकताना वकील हेच मागतात.

चार्जर किंवा हीट पंप बसवताना वितरण कंपनीलाही कळवावे लागते. पुरवठा पुरेसा असेल तर बसवल्यानंतर २८ दिवसांत. अपुरा किंवा संशयास्पद असेल तर आधी अर्ज आणि मंजुरी. हे बहुधा बसवणाराच करतो, परंतु केले का हे विचारणे आपले काम.

घर भाड्याने देणाऱ्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार किमान दर पाच वर्षांनी वायरिंगची तपासणी करून अहवालाची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. अहवालात 'सी-१' म्हणजे तत्काळ धोका, 'सी-२' म्हणजे संभाव्य धोका, 'एफआय' म्हणजे अधिक तपास आवश्यक. या तिन्हींत दुरुस्ती किंवा तपास २८ दिवसांत, किंवा अहवालात त्याहून कमी मुदत असेल तर त्या मुदतीत, करावा लागतो. 'सी-३' ही केवळ सुधारणेची शिफारस. टाळाटाळ केल्यास दंड हजारो पौंडांचा होऊ शकतो. पेटी प्लॅस्टिकची आहे एवढ्यावरून कोणी 'सी-२' लावून संपूर्ण बदलाचे दरपत्रक पुढे करीत असेल, तर कारण लेखी मागावे. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम स्वतंत्र आहेत.

किटकॅटचा निरोप

गोल पिनांचे प्लग ब्रिटनने भारताला दिले आणि १९४७ मध्ये स्वतःसाठी तेरा अँपिअरच्या चौकोनी पिनांचे नवे मानक आणले. आपण गोल पिनांवरच राहिलो. लाल फेज आणि काळा न्यूट्रल हेही येथे २००६ नंतरच्या नव्या कामात दिसत नाहीत, तिकडे ते कायम आहेत. त्यामुळे ब्रिटनमधील जुने घर उघडले की आपल्याला आपलेच बालपण भेटते, आणि त्या ओळखीमुळेच धोका धोका वाटत नाही.

पेटी बदलताना इलेक्ट्रिशियनने जुन्या मेन स्विचचे झाकण काढून दाखवले. एका जोडणीवरील प्लॅस्टिक तपकिरी होऊन कुरकुरीत झाले होते. स्क्रू कधीचा सैल होता. वरून काहीही दिसत नव्हते. त्याच कपाटात कागदी आकाशकंदील ठेवलेला होता.

आईला फोनवर हे सांगितले. तिने क्षणभर थांबून विचारले, "शेजारच्या आजींचा दिवा आता वेगळा लागतो ना?" लागतो. त्यांचा गुलाबही जगला.